हिरवी टाचणी

“बाई, तुमचा भाग सगळ्यांत वाईट.” साहेबांनी भिंतीवरच्या नकाशात लाल टाचणी खुपसली. “वर्षात क्षयाचे रोगी दुप्पट! शेजारच्या भागात बघा, दोनच.”

“वाढले नाहीत साहेब, सापडले. मी दारोदार फिरते. शेजारच्या बाई खुर्ची सोडत नाहीत, त्यांना सापडणार कुठून?”

“वरच्यांना आकडा दिसतो, तुमच्या झिजलेल्या चपला नाही दिसत. फिरणं बंद. येईल त्यालाच तपासा. नाहीतर दवाखान्याला टाळं लागेल.”

नर्सबाईंना वस्तीत सगळे खोकलाबाई म्हणत. दारात उभ्या राहिल्या की पहिला प्रश्न, “खोकला कुणाला?” आणि पिशवीतून थुंकी तपासायला न्यायची डबी बाहेर. पोरं त्यांना बघून मुद्दाम खोकत. आता त्याच बाई दवाखान्यात बसून राहू लागल्या. टाळं लागलं तर औषध चालू असलेल्या बावीस जणांनी जायचं कुठं? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत.

शिंप्याच्या दुकानावरून जाताना मात्र जीव खालीवर होई. मशीन थांबे, खोकला ऐकू येई, मशीन पुन्हा चाले.

“दादा, दवाखान्यात या की एकदा.”

“येतो हो! एवढे गणवेश हातावेगळे झाले की आलोच. तुम्हीच डबी का आणत नाही पहिल्यासारखी?”

बाई काहीतरी पुटपुटून निघाल्या. डबी पिशवीतच होती.

तीन महिन्यांनी त्यांच्या भागाला हिरवी टाचणी लागली. बैठकीत टाळ्या पडल्या. “रोग आटोक्यात आणलात,” साहेब म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. शेजारच्या बाई कानाशी लागल्या, “बघा, नुसतं बसलात तर रोग पळाला!” बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतल्या तर दवाखान्याच्या पायरीवर शिंप्याची बायको.

“परवा गेले हो ते. रक्त पडलं तोंडातून. मी मृत्यूच्या दाखल्यासाठी आलेय.” मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “तुमची वाट बघायचे. म्हणायचे, खोकलाबाई आली की देतो डबी भरून.”

बाईंनी वही उघडली. शिंपी त्यात कुठंच नव्हता. त्यांनी त्याचं नाव लिहिलं. खोकला, तीन महिने. तपासणी, नाही. कारणाच्या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘मी गेले नाही.’

“घरात आणखी खोकला कुणाला?”

“धाकटीला आहे थोडा.”

बाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि पायात चपला सरकवल्या.