सातव्या गाठीचा हिसका

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. माझ्या अंगावर वीस गाठी आहेत. मला डोळे नाहीत, त्यामुळे मी माणसं ओळखते ती हातांवरून. त्यातला एक हात मला अजून सोडत नाही.

दोर वळणाऱ्या एका आजोबांनी मला सुतापासून घट्ट वळलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. माझ्यावर जळायची पाळीच आली नाही, म्हणजे पीळ किती असेल बघा! बालवाडीच्या बाईंनी मला घेतलं आणि हात-हात अंतरावर गाठी मारल्या. दर शनिवारी एकेका गाठीला एकेक मूल धरून शाळेमागच्या रानात जाई. डोळे मिटून झाडांच्या साली चाचपायच्या, पानं चुरडून हुंगायची, मुंग्या मोजता मोजता आकडे शिकायचे. फळ्यावरच्या सहापेक्षा मुंगीचे सहा पाय मुलांच्या जास्त लक्षात राहत.

रानात बोलायचं नाही, हा बाईंचा नियम होता. "तोंडानं हजेरी घेतली की पाखरं उडून जातात," त्या म्हणत. म्हणून हजेरी माझ्यावरून व्हायची. बाई पुढून मला एकदा ओढत. मग पहिल्या गाठीपासून प्रत्येक मूल एकेक हिसका देई. वीस हिसके आले की बाई मागे न बघता चालू लागत. पालक माझं कौतुक करत आणि मी फुशारून जाई.

सातवी गाठ एका मुलीची होती. प्रत्येक किड्यापाशी रेंगाळायची म्हणून तिला सगळे गोगलगाय म्हणत. ती अंगठा मुठीत दडवून मला धरायची. आठव्या गाठीला तिची जिवलग मैत्रीण, चिमणी.

एका शनिवारी गवत डोक्याच्या वर गेलं होतं. ओढ्याच्या वाटेवर सातवी मूठ सुटली. "आलेच हं, तो किडा बघून," ती कुजबुजली. तेवढ्यात बाईंनी मला ओढलं. सहा हिसके आले. मग चिमणीनं एका हातानं सातवी गाठ ओढली आणि दुसऱ्या हातानं आठवी. मैत्रिणीला ओरडा बसू नये, एवढंच तिच्या मनात होतं. बाईंनी वीस मोजले आणि आम्ही निघालो.

तो हिसका खोटा आहे हे मला कळलं होतं. पण दोरीला कुठलं तोंड!

शाळेशी पोचल्यावर सातवी गाठ रिकामी निघाली. बाईंनी मला तिथंच टाकलं आणि त्या धावल्या. मी फाटकापाशी मातीत पडून हाका ऐकत राहिले. संध्याकाळी शिपाईकाका ओरडत आले, "सापडली! ओढ्यात मुळांत पाय अडकला होता. पोरगी धडधाकट आहे!"

सगळे रडले, हसले. मला मात्र पटेना. हात लागल्याशिवाय मी कसं मानू? आणि तो हात परत आलाच नाही. आईवडिलांनी तिला शाळेतून काढलं. रानात जाणं बंद झालं. बाईंनीही शाळा सोडली. जाण्याआधी त्या सातवी गाठ धरून बसल्या होत्या. "मी वीस मोजले होते," एवढंच म्हणत होत्या.

मग अडगळीची खोली आणि एक खिळा. भिंतीपलीकडे मुलं चित्रातल्या पानांची नावं घोकत. हवा दमट झाली की मी आखडते, आणि सातव्या गाठीवर कुणीतरी मूठ आवळतंय असं वाटतं. मी हिसक्याची वाट बघते. तो येत नाही. अशी किती वर्षं गेली, कोण जाणे.

परवा दार उघडलं. "काका, ती दोरी आहे अजून?" नव्या बाईंचा आवाज होता.

"आहे की," म्हातारे शिपाईकाका म्हणाले. "पण बाई, लहानपणी तुम्हीच त्या रानात हरवला होता ना? भीती नाही वाटत?"

"वाटते. तुमच्या हाका ऐकू येत होत्या मला, काका. पण मी ओ दिली नाही. रानात बोलायचं नाही ना!" तिची पावलं खिळ्यापाशी आली. "या वेळी मी वळून एकेकाचं तोंड बघणार. आणि हरवलात तर आधी बोंब मारा, हे पहिल्याच दिवशी शिकवणार."

एक हात माझ्या गाठी चाचपत आला. पाच, सहा, सात. हात मोठा होता, पण अंगठा मुठीत दडलेला होता.

मित्रांनो, रानात जरूर जा, मला धरून जा. पण दुसऱ्याच्या वाटचा हिसका कधी देऊ नका. खऱ्या हिसक्यासाठी मी इतकी वर्षं टांगून होते.

तिनं सातवी गाठ ओढली. एकदाच.

आता वीस झाले.