पेरिंगच्या रक्ताची आठवण

मित्रांनो, मी एक जुनी किडनी आहे आणि आता फार दमले आहे.

माझा जन्म तेर्योच्या शरीरात झाला. तेर्यो फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराजवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावचा. तरुणपणापासून तो मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत राबला. तिथल्या उष्म्यात त्याच्या घामाच्या धारा लागत, पाणी पुरत नसे. मी आणि माझी बहीण निमूटपणे त्याचे रक्त गाळत राहायचो. आमची कोणाला आठवणही नव्हती.

तो जहाज सोडून कायमचा घरी आला, तेव्हा त्याच्या बायकोच्या, पेरिंगच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. ती डायलिसिसला जायची आणि परत येऊन पडून राहायची.

तेर्यो म्हणाला, "माझी घे एक."

"नको. उद्या भांडण झालं की परत मागशील."

"मागेन की. मासळी खारट केलीस तर जेवता जेवताच मागेन."

तपासण्या झाल्या. डॉक्टर विल्यारुझ बाईंनी पेरिंगला विचारले, "कधी दिवस गेले होते का?" तेर्यो शेजारीच बसला होता. त्या दोघांना मूल नव्हते. पेरिंग म्हणाली, "नाही." दोघांचे रक्त जुळवून पाहिले, त्यातही काही दोष निघाला नाही.

मग मला पेरिंगच्या पोटात बसवले. टाके पडण्याआधीच मी कामाला लागले. नळीतून लघवी उतरताना पाहून पेरिंग रडली. नर्सने माझी तारीफ केली. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला ते आवडले.

आठवडाही उलटला नाही, तोच तिच्या रक्तातल्या पहारेकरी पेशी माझ्यावर तुटून पडल्या. परक्या अवयवाला शरीर सहसा सावकाश ओळखते, आणि औषधे त्याला थोपवून धरतात. या पेशींना मात्र माझी ओळख आधीपासूनच होती. मी सुजले. लघवी थेंबांवर आली.

डॉक्टर बाई पुन्हा पलंगापाशी आल्या. "पेरिंग, तुमच्या शरीरानं तेर्योची खूण आधी कधीतरी पाहिलीय. आठवा जरा."

पेरिंगने अंगावरची चादर सारखी केली. मग तेर्योकडे न बघता म्हणाली, "एकदा राहिलं होतं. चौथ्या महिन्यात गेलं. तू जहाजावर होतास."

"मला कळवलं का नाहीस?"

"कळवून काय केलं असतंस? समुद्रात उडी टाकली असतीस?"

डॉक्टर बाईंनी समजावले. ते बाळ अर्धे बापाचे होते. आईच्या रक्ताने ती खूण टिपून ठेवली. पुढे रक्तातली उघड चिन्हे पुसली गेली, म्हणून तपासणीत काही दिसले नाही. आठवण मात्र आत जागीच राहिली.

तेर्यो स्वतःच्या टाक्यांवर हात दाबून पलंगाच्या कडेला बसला. "नाव ठेवलं होतंस?"

"अमिहान. मनातल्या मनात."

"चांगलंय," तो म्हणाला, आणि दोघेही रडले.

तिच्या रक्तातला द्रव बदलला, जालीम औषधे दिली. मी वाचले, पण अर्धीच. तेवढ्या बळावर मी आजवर तिचे रक्त गाळत आले. तिने एकही गोळी चुकवली नाही. तेर्यो पाण्याचा पेला घेऊन समोर उभाच असायचा. आता माझे बरेचसे अंग निबर झाले आहे. डॉक्टर बाई पुन्हा डायलिसिसचे बोलू लागल्या आहेत. दुसरी किडनी जुळणे आणखी अवघड, कारण आता तिच्या रक्ताला माझीही आठवण राहणार.

मी पेरिंगला दोष देत नाही. ते दुःख तिने एकटीने गिळले होते. पण मित्रांनो, डॉक्टरांनी विचारले तर काही लपवू नका. तुमच्या घरात कोणी असे काही मनात दाबून बसले असेल, तर त्याच्याजवळ बसा, घाई न करता ऐकून घ्या. पेरिंग आत्ता पाणी प्यायली आहे. मला कामाला लागले पाहिजे.