काचेआडचं उत्तर

मी भौतिकशास्त्राच्या एका संस्थेतला जुना फळा आहे. मित्रांनो, खरं सांगतो, तुमच्यासमोर मान वर करायचीही मला लाज वाटते.

सुताराने मला घडवलं तेव्हा मी कुळकुळीत काळा होतो. ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं, हा आमच्याकडचा नियम. माझ्यावर एक बाई गणितं मांडायच्या. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि त्याचं उलट्या गुणांचं जुळं भावंड प्रतिद्रव्य सारखंच जन्मलं असणार. दोघं भेटली की एकमेकांना संपवतात, मागे उरतो नुसता प्रकाश. मग तुम्ही, मी, हा खडू, आपण उरलो कसे? बाईंनी एक नवा कण कल्पिला. तो फुटताना द्रव्याला किंचित झुकतं माप देतो, असं त्यांचं भाकीत होतं. त्याचं वस्तुमानही त्यांनी मांडून दाखवलं.

काय कौतुक झालं म्हणून सांगू! संचालकांनी त्या ओळींवर काच ठोकून मला दाराशी टांगलं. तो कण शोधायच्या प्रयोगाचं उत्तर अजून यायचं होतं, पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मीही शेफारलो.

प्रयोग झाला आणि तसा कण कुठेच सापडला नाही. तरी काच जागची हलली नाही. नियमामुळे दुसरं कुणी पुसेना, काचेमुळे बाईंना पुसता येईना. त्यांनी परवानगी मागितली, तर संचालक म्हणाले की संस्थेची शोभा जाईल. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाई तर मागच्या जिन्याने ये-जा करू लागल्या.

एकदा शाळेची मुलं आली. त्यांच्याशी बोलायला बाईंनाही बोलावलं होतं. एका मुलीने माझ्यावरचं सगळं मन लावून वाचलं आणि विचारलं, "म्हणजे आपण का उरलो ते कळलं ना?" संचालकांनी हसून मान डोलावली.

"नाही गं बाळा," बाई म्हणाल्या. "हे मी लिहिलंय आणि हे चुकलंय."

मग सगळ्यांदेखत त्यांनी सुताराला बोलावून काच उतरवली. संचालक तोंड पाडून निघून गेले. बाईंनी ओल्या फडक्याने मला पुसलं. त्यांचे डोळे भरले होते. माझ्याने ते बघवेना.

"मग खरं काय?" मुलीने विचारलं.

"अजून कुणालाच माहीत नाही," म्हणत बाईंनी खडू उचलला.

मित्रांनो, फळ्याला जपायचं असेल तर त्याच्यावर काच लावू नका. त्याला पुसत जा.