दांड्यावर शिक्का असलेला चमचा

मी चमचा आहे. हसू नका. साहेबांच्या मागेपुढे करणारा तो चमचा मी नव्हे. मी चहात साखर ढवळणारा, साधा, स्टीलचा. पण मान वर करून बोलायची माझीही सोय नाही. माझ्या दांड्याच्या मागच्या बाजूला एका इस्पितळाच्या उपाहारगृहाचा शिक्का आहे आणि मी राहतो मात्र एका घरात. यावरून काय ते समजून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या लांब पट्टीतून आम्ही भावंडं खटाखट कापली गेलो, यंत्राच्या दाबाखाली खोलगट झालो आणि पॉलिशच्या चाकावर घासून चकचकीत झालो. शेवटी दांड्यावर शिक्का बसला. तेव्हा मला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. आपण कुणाचे तरी आहोत, असं अंगावर लिहिलेलं होतं ना!

इस्पितळाच्या उपाहारगृहात चवीनं कुणी खात नाही. माणसं चहा मागवतात, साखर विरघळली तरी ढवळत बसतात आणि दाराकडे बघत राहतात. एका सकाळी अशीच एक बाई माझ्या वाट्याला आली. तिची लहानगी मुलगी वरच्या मजल्यावर ऑपरेशनला नेलेली होती. समोर नवरा बसला होता, ताठ पाठीचा, खिशाला पेन लावलेला. बाई मला कपात गोल गोल फिरवत होती. चहा पार गार झाला.

तेवढ्यात नर्स दारात आली. "मुलगी शुद्धीवर आली हो. आई कुठेय म्हणून विचारतेय."

खुर्ची मागे कलंडली. बाई जिना चढत सुटली आणि मी तिच्या मुठीत. मुलीचा हात धरायला तिनं मूठ उघडली, तेव्हा कुठे तिला मी दिसलो. जाताना देऊ, असं म्हणत तिनं मला पर्समध्ये टाकलं.

जाताना मुलगी कडेवर होती, औषधांच्या पिशव्या होत्या. मी राहून गेलो. घरी तिनं मला धुतलं, पुसलं आणि टॉवेलांच्या घडीखाली एका चपट्या डब्यात ठेवलं. परत करायचं तिच्या मनात होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण आठवडाभरानं तिनं मला हातात घेतलं आणि तिचे डोळे भरून आले. मग परत करायची गोष्ट मागे पडली ती पडलीच.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो वजनमापं तपासणारा निरीक्षक होता. दुकानादुकानांतून काटे, वजनं, मापं पडताळून बघायची आणि खोटं सापडलं की जप्त करायचं. भाजीवालीनं प्रेमानं दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी पिशवीतून काढून परत ठेवणारा माणूस. संध्याकाळी बूट सोडता सोडता तो म्हणायचा, "आज एकाचा काटा उचलला. वर मलाच म्हणतो, चूक झाली साहेब!" तेव्हा बाई टॉवेलांच्या कपाटाकडे पाठ करून उभी राहायची.

मी चुकून आलो होतो. दुसरा चुकून आला नाही. मुलगी पहिल्यांदा पोहण्याची शर्यत जिंकली, त्या दिवशीचा तो आइस्क्रीमच्या दुकानातला छोटा चमचा. मग नवरा मोठ्या आजारातून उठून पहिल्यांदा बाहेर जेवला तिथला. मग बऱ्याच वर्षांचा अबोला मोडून भाऊ तिला भेटला, त्या बसस्थानकावरच्या हॉटेलातला. नवा चमचा डब्यात आला की माझ्या शेजारी पडायचा आणि मला वाटायचं, ह्याला वाट दाखवणारा मीच.

दुपारी घर रिकामं असलं की ती डबा उघडायची, आम्हाला पलंगावर ओळीत मांडायची, एकेकाशी मनातल्या मनात बोलायची. दार वाजलं की चोरासारखी झाकण लावायची. चोरासारखी कसली म्हणा, चोरच ती. आणि आम्ही चोरीचा माल. पण तिच्या बोटांइतकी मायेची बोटं माझ्या अंगाला कधी लागली नाहीत, हेही खरंच.

मुलगी मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. दोन्ही घरांनी एकदा एकत्र बाहेर जेवायचं ठरवलं. निघताना बाईनं मला डब्यातून काढून पर्समध्ये घेतलं. बहुधा तिला वाटलं असेल, ह्या मुलीच्या चांगल्या दिवशी ह्यानंही बरोबर असावं.

जेवण छान झालं. विहीणबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या, हसणं-खिदळणं चाललं होतं. सगळे उठले, तशी बाईची बोटं सवयीनं टेबलावरून फिरली आणि माझ्या अंगावर एक नवा चमचा येऊन पडला.

दारापाशी मालक आडवा आला. "बाई, जरा थांबा. आमचा एक चमचा तुमच्या पर्समध्ये राहिलाय बहुतेक."

"नाही हो," बाई म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता.

विहीणबाई उसळल्या. "काहीतरीच काय बोलता? माणसं बघून तरी बोला! दाखवा हो तुम्ही उघडून, तोंड बंद होऊ दे ह्यांचं."

त्या बाजू घेऊन बोलल्या, तेच वाईट झालं. आता पर्स उघडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. बाईनं ती उघडली, बाजूच्या टेबलावर पालथी केली आणि आम्ही दोघं तिथे खणखणत पडलो.

"एक म्हणालो होतो. हे तर दोन निघाले," मालक म्हणाला. त्यानं मला उलटं केलं. "आणि हा आमचा नाहीच. हा इस्पितळातला!"

आसपासच्या टेबलांवरचं जेवण थांबलं होतं. मला तेव्हा लखलखीत असण्याची लाज वाटली. गंजलेला असतो तर शिक्का तरी वाचता आला नसता.

"आई, काय हे?" मुलगी पुटपुटली आणि होणाऱ्या नवऱ्याकडे न बघता बाहेर निघून गेली.

नवऱ्यानं मला मालकाच्या हातातून घेतलं. आयुष्यभर शिक्के वाचणारा माणूस. त्यानं माझाही वाचला. त्याचा अंगठा त्या अक्षरांवर थांबला. मग तो मालकाला म्हणाला, "चूक झाली. माफ करा."

मालक म्हणाला, "साहेब, आधी माझं किराणा दुकान होतं. तुम्ही माझा काटा उचललात, तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

"आठवतं," नवरा म्हणाला. "चूक म्हणू नका, चोरी म्हणा, असं म्हणालो होतो."

मालकानं आपला चमचा उचलला आणि दार उघडून धरलं. विहीणबाई रस्त्यावर येईपर्यंत आपल्या पर्सचा बंद नीट करण्यात गुंतल्या होत्या.

घरी आल्यावर बाईनं स्वतःच डबा आणून नवऱ्यापुढे उघडला. एकेक चमचा कुठला, कुठल्या दिवसाचा, ते सांगितलं. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा काळवंडत गेला.

"अगं, मागायचा होतास. एक चमचा कुणीही दिला असता."

"मागितला असता तर कशाला हवा ते सांगावं लागलं असतं," ती म्हणाली. "माझी मुलगी वाचली म्हणून मला तुमचा चमचा हवाय, असं कसं सांगायचं परक्या माणसाला? तुम्हाला तरी मी कुठे सांगितलं?"

तो उठून गॅलरीत गेला. त्यानं आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

लग्न मोडलं नाही. पण मुलगी कितीतरी दिवस आईशी कामापुरतंच बोलत होती. बाईनं मात्र एकेका चमच्याला पर्समध्ये घालून त्याच्या त्याच्या जागी न्यायला सुरुवात केली. मी प्रत्येक वेळी सोबत असायचो. आइस्क्रीमच्या दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. बसस्थानकावरच्या हॉटेलवाल्यानं "आणखी काय काय नेलंत?" असं विचारून तिच्या पिशवीकडे बघितलं. ती मान खाली घालून परत आली आणि दुसऱ्या दिवशी पुढचा चमचा घेऊन निघाली.

शेवटी मी उरलो. इस्पितळाचं उपाहारगृह बंद झालं होतं. तिथे आता औषधांचे खोके रचलेले होते. पहारेकऱ्यानं मला हातात घेऊन बघितलंसुद्धा नाही. "चमचा? कुणाला देऊ मी? घेऊन जा घरी."

ती जिन्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. तिच्याच्यानं मला फेकवेना आणि त्या डब्यात पुन्हा ठेववेना. घरी येऊन तिनं मला सरळ स्वयंपाकघरातल्या रोजच्या चमच्यांत उभं केलं.

आता तिथेच असतो. साखर काढतो, नवऱ्याचं औषध मोजतो. तो मला घेतो तेव्हा शिक्का तळहाताकडे वळवून धरतो. त्यानं त्या दिवसानंतर "चोरी" हा शब्द घरात उच्चारलेला नाही.

परवा मुलगी आणि जावई आले होते. जावई चहा ढवळता ढवळता थबकला. त्याला ओळख पटली होती. त्यानं मला घाईनं बशीत ठेवलं आणि खिडकीबाहेर बघू लागला.

बाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तरी ती म्हणाली, "तोच आहे तो. चोरलेला. हिचं ऑपरेशन झालं तेव्हाचा. ही शुद्धीवर आली असं नर्सनं सांगितलं आणि मी धावले. तेव्हा तो माझ्या हातात होता."

मुलीनं मान वर केली. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"लाज वाटायची गं. अजून वाटते."

मुलीनं मला बशीतून उचललं, जावयाचा चहा ढवळला आणि कप त्याच्यापुढे सरकवला. तो मुकाट्यानं प्यायला.

बाई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचे कान अजून लालच होते. माझंही तसंच आहे. रोज मला घासलं जातं, पण शिक्का काही जात नाही. तेव्हा एक विनंती आहे. कधी या घरी चहाला आलात तर मला जरूर वापरा, ते माझं कामच आहे. उलटं करून वाचावंसं वाटलं तर वाचा. फक्त वाचून झाल्यावर तिच्याकडे बघू नका.