यजमान बसत नाही

आमच्याकडे घराच्या संताचा दिवस म्हणजे स्लावा. त्या दिवशी कुणाला आमंत्रण नसतं, येईल तो पाहुणा. त्याला हाकलायचं नाही, आणि शेवटचा पाहुणा उठेपर्यंत घरधन्यानं खाली बसायचं नाही. मग तो यजमान गरीब असो नाहीतर वितोमिर काका.

वितोमिर काका आणि बाबा एकाच फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारायचे. तेव्हा कारखाना सगळ्यांचा होता म्हणे. मग तो विकायला निघाला, आणि काकांच्या ओळखी योग्य जागी निघाल्या. कारखाना त्यांचा झाला. बाबांच्या ओळखी सगळ्या रंधा मारणाऱ्यांच्याच.

मी शाळा सोडलीय. मला सोफ्याला कापड चढवायच्या खात्यात काम हवंय, हाताला जमतं माझ्या. वर्षभर काका म्हणतायत, "बघू."

म्हणून यंदा काकांच्या घरच्या स्लावाला आई कॉफीचं पाकीट घेऊन निघाली, बाबा आणि मी मागोमाग. त्यांच्या पॅसेजमधे बघतो तर तसल्या पाकिटांचा ढीग! डॉक्टर आणि नगरपालिकेतला साहेब मानाच्या जागी, संताच्या मेणबत्तीपाशी, आम्ही दाराशी, टांगलेल्या कोटांखाली. डॉक्टरचा भाचा परवाच कामाला लागला. ऑफिसात.

बाबा हळूच म्हणाले, "विता, पोरीचं जरा..."

"बघू रे, बघू. जेव आधी."

माझं डोकंच सटकलं. "जेवते ना काका. सावकाश जेवते."

आईनं चिमटा काढला. "क्रुना, गप!"

एकेक जण उठला. डॉक्टर गेला, साहेब गेला. मी कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा अजून मागितला. काका वाढत होते आणि या पायावरून त्या पायावर होत होते.

"पोट आहे का पोतं?"

"दमलात का काका? बसा की."

आई लाजेनं लाल. बाबा ताटात बघून हसत होते.

"क्रुना, हा काय चावटपणा?"

"तुम्ही मला वर्षभर ताटकळत ठेवलंत. मी तर एक संध्याकाळच मागतेय."

आतून काकू ओरडल्या, "अरे विता, घे तिला कामावर! मला भांडी घासायचीत."

काका भिंतीला टेकले. "सोमवारी ये. पण खाली, कापडाच्या खात्यात. ऑफिस-बिफिस मागायचं नाही."

"मला काय करायचंय ऑफिस? तिथं डॉक्टरच्या भाच्यालाच बसू दे."

काका आधी भडकले, मग फस्सकन हसले. "ऊठ आता, बाई!"

"केक राहिलाय."

बाबांनी दंडाला धरून उठवलं. केक मी रुमालात बांधून घेतला. घरापर्यंत आई शिव्या घालत होती, आणि अर्धा केक तिनंच खाल्ला.