खबर देणाऱ्याचं नाव

आईच्या मरणाची तारीख कुणालाच माहीत नाही, असं आमच्या घरात तीस वर्षं सांगत होते. मी सहा वर्षांचा असताना गावात पटकी आली आणि त्यात ती गेली, एवढंच. माझा बाप नाथाजी पुढच्या साली लढाईत गेला. मला वाढवलं चुलता केरबा आणि चुलती शालूबाई यांनी.

आईची तिथी ठाऊक नाही, म्हणून दर पितृपंधरवड्यात अविधवा नवमी पाळायची. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा तो दिवस. एक सवाष्ण जेवू घालायची, तिला लुगडं-खण द्यायचा. आमच्याकडे ही सवाष्ण दरसाल शालूबाईच. मी पलटणीत गेल्यावरही प्रत्येक भाद्रपदात पत्र टाकायचो, 'नवमी चुकवू नका.' काय गुणी पोर होतो मी!

चौऱ्याहत्तर साली मी हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आलो. बाकीचे पेन्शनर कोंबड्या पाळतात, मला वंशावळ लिहायचं वेड लागलं. शिवाय दारात आईच्या नावानं तुळशीवृंदावन बांधायचं होतं आणि त्यावर तारीख कोरायची होती. माझ्याकडे तिचा फोटो नाही, तिचा आवाज मला आठवत नाही. निदान तारीख तरी असावी.

"कशाला उगं मढी उकरतोस, अर्जुना?" केरबातात्या म्हणाला. म्हातारा माणूस, कंटाळला असेल, असं मला वाटलं.

शिराळ्याच्या कचेरीत आमच्या गावची जन्म-मृत्यूची बुकं निघाली. त्या साली आमच्या गावात पटकीनं एकही माणूस मेलेलं नव्हतं. आईचं नावही नव्हतं.

"माहेर कुठलं त्यांचं?" कारकुनानं विचारलं. "मानूस जिथं मरतं तिथंच नोंद हुती."

माहेर म्हसवडचं. तिकडची बुकं दहिवडीला. दोन एस.टी. बदलून मी तिथं पोचलो. कारकुनानं रुमालात बांधलेली दप्तरं पुढं ठेवली. चव्वेचाळीस साल पाहिलं, नाही. पंचेचाळीस, नाही. तो म्हणाला, "आता फुडं काय बगायचं?" पण पलटणीत माणूस सापडेपर्यंत आम्ही यादी खाली ठेवत नसू. "आणखी एक साल," असं म्हणत मी तीन दिवस बसलो.

तिसऱ्या दिवशी ती सापडली. मनुबाई भ्रतार नाथाजी. विधवा. वय चाळीस. कारण, ताप. तारीख १७ ऑगस्ट १९५८.

अठ्ठावन्न! म्हणजे मी तिची नवमी घालत होतो तेव्हा ती म्हसवडात जिती होती. चौदा वर्षं. शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याचं नाव होतं. 'केरबा, मयताचा दीर.'

त्या ऑगस्टात मी कुठं होतो ते मला पक्कं आठवतं. नागपंचमीसाठी पहिल्या रजेवर घरी आलो होतो. तात्या दोन दिवस कुठंसा गेला होता. परत आला तो मुकाट विहिरीवर गेला आणि मलाही हाक मारली. "लांबच्या नात्यातलं कोन तरी गेलंय, डोक्यावरनं पानी घे." मी घेतलं. दुसऱ्या दिवशी शिराळ्याच्या मिरवणुकीत हलगीवर घाम फुटेस्तोवर नाचलो. तिकडे म्हसवडात तो रक्षा सावडायचा दिवस होता.

घरी आलो आणि त्या नोंदीची नक्कल तात्यापुढं ठेवली. त्याला वाचता येत नव्हतं, पण बघताच त्यानं ओळखलं. शालूबाई चुलीपुढून उठून आत गेली. गेल्याच भाद्रपदातलं लुगडं तिच्या अंगावर होतं.

"भांडून माहेरी गेली ती," तात्या म्हणाला. "तुज्या आजीनं तुला सोडला न्हाई. तू लय रडायचास रं. रोज वेशीत जाऊन बसायचास. मग आजीच म्हनली, मेली म्हनून सांगा, रडं तरी थांबंल. थांबलं बी."

"आणि पुढं? मी मोठा झाल्यावर?"

"एकदा मेली म्हनून सांगितल्यालं मानूस जितं कसं करायचं? गावाला काय सांगायचं?"

"ती कधी आली नाही?"

तात्या जमिनीकडे बघत म्हणाला, "दोनदा आलती. वेशीपातूर. म्याच परत लावली."

माझा हात उठला होता. ऐंशीला टेकलेला माणूस, ज्यानं मला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलं. मी हात खाली घेतला आणि ओरडलो, "माती द्यायला तरी न्यायचं होतंस मला! लेक होतो मी तिचा. काय दिलंस मला तिचं?"

त्यानं मान वर केली. मी एवढं कशासाठी ओरडतोय ते त्याला खरंच कळत नव्हतं.

"आरं, असं कसं म्हनतोस?" तो म्हणाला. "आंगूळ घातली की तुला."