बिनशिट्टीचा कुकर

मित्रांनो, मी एक जुना स्लो कुकर आहे. कुकर म्हटलं की तुमचे कान शिट्टीकडे लागतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मला शिट्टीच नाही. पोटात चिनीमातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण, बुडाशी मंद ऊब आणि समोर एक लाल दिवा, एवढाच माझा संसार. सकाळी पोटात घातलेलं मी दिवस कलल्यावर देतो. ज्याला घाई असेल त्याने माझ्या वाटेला जाऊ नये. पण मी शिजवतो ते असं, की बोळक्या तोंडानेही खावं!

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथून परभणीच्या एका दुकानात आलो आणि मिक्सरांच्या मागे धूळ खात पडलो. गिऱ्हाईक मला उचलायचं, उलटंपालटं करायचं, "याला शिट्टी कुठंय?" असं विचारायचं आणि परत ठेवून द्यायचं. दुकानदाराला मी नकोसा झालो होतो. मग एक दिवस दवाखान्यात नर्स असलेली प्रियांका आली. तिने शिट्टीचं नावही काढलं नाही. "मटन लय मऊ शिजतं का यात?" एवढंच विचारलं आणि मला उचलून सोनपेठजवळच्या तिच्या गावी नेलं.

त्या घरी सिद्धोधन होते, प्रियांकाचे बाबा. एसटीत कंडक्टर. त्यांचा आवाज असा की स्टँडवर "मानवत, मानवत!" ओरडले की झोपलेला माणूस सामान घेऊन पळत सुटायचा. पण गालात तंबाखूची गोळी कायमची. त्या तंबाखूने दावा साधला, तोंडाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी जबड्याचा तुकडा काढला, तेव्हा कुठे जीव वाचला. आता तोंड जेमतेम उघडायचं आणि शब्द कुणाला कळायचा नाही. म्हणून उशाशी स्टीलचा ग्लास आणि चमचा असायचा. ग्लासवर एकदा वाजवलं की थांबा, दोनदा वाजवलं की चला. गाडीतली घंटीच त्यांनी घरात आणली होती.

पुढचा इलाज किरणांच्या शेकाचा होता. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, "अंगात ताकद आल्याशिवाय शेक देता येणार नाही. यांना काहीतरी खाऊ घाला." आणि सिद्धोधन तर पेजेकडे बघून तोंड फिरवायचे. या माणसाला एकेकाळी बरगड्यांचं मटण म्हणजे जीव की प्राण!

प्रियांकाने मोबाईलवर कुठलीशी परदेशी रीत पाहिली होती. तिने बकऱ्याच्या बरगड्या आणल्या. गूळ, चिंच, टमाट्याचा रस आणि नावाला काळा मसाला घालून माझ्या पोटात ठेवल्या. तिची आई बायनाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"मटनात गूळ? आगं माय, पुरन घालायलीस का काय?"

"आई, तिकट बाबाच्या तोंडाला सोसत न्हाई. अन् ऐक, दिवस कलेस्तोवर झाकन उघडू नको."

प्रियांका गाडीने तिच्या नोकरीच्या गावी परत गेली. मला वाटलं, चला, आपलं भाग्य उजळलं. पण बायनाबाईंचा जीव कुठे थाऱ्यावर होता! त्या शिट्टीची वाट बघत बसल्या. शिट्टी होईना, तेव्हा झाकण उचलून बघितलं. पाण्याचं भांडं घेऊन येता येता उचललं. जोंधळे निवडताना उठून उचललं. "ह्यो मेला काईच बोलना," असं मलाच म्हणाल्या. दर वेळी माझ्या पोटातली ऊब भस्सकन निघून जायची आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. मला ओरडता येत असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं!

संध्याकाळी मटण ताटात गेलं ते अर्धं कच्चंच. सिद्धोधननी मोठ्या आशेने घास घेतला. तो चिवट धागा जखमेत अडकला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी ताट ढकललं, ते माझ्यावर आदळलं आणि झाकण खाली पडून त्याच्या काठाचा टवका उडाला. मग त्यांनी ग्लासवर एकदाच चमचा मारला आणि भिंतीकडे तोंड केलं. मित्रांनो, तो दोष माझ्याच माथी आला. मला लय लागलं ते.

मग मी कपाटावर गेलो. पोटात लसूण भरला. लसणाचा मला राग नाही, पण मी काही टोपली आहे का? तिथून मला खालचं सगळं ऐकू यायचं. पेज आली, एक घंटी. अंडं कुस्करून आणलं, एक घंटी. दवाखान्याची पिशवी भरली, एक घंटी. बायनाबाई चुलीपुढे बसून पदराने डोळे पुसायच्या आणि विचारलं तर धुराचं नाव सांगायच्या. त्या वेळी चुलीत जाळही नसायचा.

थंडीत प्रियांका रजेवर आली. बाबांचे खांदे बघून ती दारातच थबकली. त्यांचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. ती आईवर चिडली, आई रडायला लागली.

"शिट्टीच हुईना, तर मी काय करू? सारकं वाटायचं, जळालं असंल, कच्चं असंल..."

"किती बारी उघडलीस?"

बायनाबाईंनी बोटं मोजायला घेतली आणि अर्ध्यावरच सोडली. प्रियांकाने मला खाली काढलं, लसूण ओतला, घासून पुसून पुन्हा बरगड्या भरल्या. औषधं आणायला ती सोनपेठला निघाली, तशा बायनाबाईही उठल्या.

"मी घरात ऱ्हायले तर हात जाईलच. त्यापरीस मी कापूस येचायला जाते."

घरात आम्ही दोघेच उरलो. ते बाजेवर, मी कोनाड्यात. माझ्या पोटात हळूहळू रस जमायला लागला, गुळाचा वास घरभर झाला. आणि ऐन रंगात आलो असताना लाईट गेली. माझा लाल दिवा विझला. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा लसूणच नशिबी!

सिद्धोधन माझ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत राहिले. मग बाजेची कड धरून उठले. कितीतरी दिवसांत ते आपणहून उठले नव्हते. ग्लास-चमचा काखेत मारून भिंतीला धरत धरत आले, अंगावरची गोधडी काढली आणि माझ्याभोवती गच्च गुंडाळली. वरून दोन्ही हातांनी मला कवळून बसले. एवढ्या थंडीत अंगावर नुसता सदरा, तरी सोडलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या गीताबाई आल्या. "काय वास सुटलाय हो भावजी! बघू तरी काय शिजायलंय," म्हणत त्यांनी गोधडीला हात घातला. सिद्धोधननी चमचा ओढला आणि ग्लासवर असा दणका दिला की ग्लासच घरंगळत गेला. एक घंटी! गीताबाई तिथल्या तिथे थांबल्या.

"बरं बाई, न्हाई उघडत," म्हणाल्या आणि हसत हसत गेल्या.

लाईट उशिराने आली. माझा दिवा पुन्हा लागला, तरी गोधडी त्यांनी काढली नाही.

दिवस कलल्यावर दोघी आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. प्रियांकाने वाटीत निखारा घेतला, मटणावर ठेवून तूप सोडलं आणि धूर कोंडायला क्षणभर झाकण लावलं. मग बरगडी उचलली तर हाड हातात आलं आणि मांस खालीच राहिलं. बायनाबाईंनी ते बोटांनी कुस्करून इवलासा घास त्यांच्या ओठांशी नेला. तो आत गेला. त्यांनी जिभेने तो दाबला, डोळे मिटले आणि गिळला. पुन्हा तोंड उघडलं, उघडेल तेवढं.

ताट निम्मं झालं तेव्हा प्रियांकाने भीत भीत विचारलं, "बाबा, उद्या दवाखान्याला जायचं?"

ग्लास कुठे घरंगळला होता कुणास ठाऊक. त्यांनी हातातला चमचा माझ्या टवका उडालेल्या झाकणावर मारला. टण. बायनाबाईंनी पदर तोंडाशी नेला. मग पुन्हा एकदा, टण.

सकाळी ती तिघं एसटीने गेली. अजून आलेली नाहीत. शेक सोसवला का, त्याने तोंड आलं का, मला इथे कोण सांगणार? बायनाबाईंनी जाताना मला धुऊन, पुसून चुलीशेजारी ठेवलंय. पोटात लसूण नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी सावकाश शिजणारं असेल, तर त्याचं झाकण सारखं उचलू नका. लाईट गेली तर त्याच्याभोवती गोधडी गुंडाळा. आणि ती तंबाखूची पुडी, हात जोडतो, आजच उकिरड्यावर टाका. मी इथे त्या तिघांची वाट बघतोय. दुसरं काही नाही, पण वाट बघणं मला येतं.